आधी कुणाचं?

वेल्डरच्या शेडमध्ये आमच्या आधी एक माणूस येऊन बसला होता. पायांत रबरी चपला, मिठाने पांढरट पडलेली अर्धी चड्डी आणि मांडीवर आउटबोर्ड इंजिनाचा ॲल्युमिनियमचा ब्रॅकेट, मधोमध तडकलेला. कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर वोबर्न म्हणून गाव आहे, तिथला तो. लाम्बी काढणारा. लाम्बी म्हणजे मोठ्या गुलाबी शंखातला जीव; बुडी मारून खालून एकेक उचलून आणायचा. 2024 चा जून अर्धा सरला होता. वेल्डरने आमच्या हातातला एक्झॉस्ट एल्बो, म्हणजे आमच्या बोटीच्या इंजिनाचा धूर बाहेर सोडणारा वाकडा पाइप, घेतला, उलटसुलट केला, तोंडातून आत बोट घातलं, बोटाला लागलेला काळा चुरा पँटला पुसला आणि म्हणाला, "हे आज करून देतो." मी त्या माणसाकडे पाहिलं. वेल्डरनेही पाहिलं. तो शांतपणे म्हणाला, "करून दे त्यांचं आधी. त्यांना निघायचं असतं. मी काय, इथलाच आहे." आणि ब्रॅकेट उचलून बाहेर बदामाच्या सावलीत जाऊन बसला.

एवढंच झालं. पण ते "मी काय, इथलाच आहे" माझ्या डोक्यातून गेलं नाही.

आमची बोट 38 फुटी, फायबरची, 1980 च्या दशकात बांधलेली. आम्ही तिच्यावर राहतो म्हटलं की घरचे, मित्रमंडळी निळं पाणी आणि नारळाची झाडं डोळ्यांसमोर आणतात. ते सगळं आहेच, आणि मला ते मनापासून आवडतं. सकाळी चहाचा कप घेऊन कॉकपिटमध्ये बसावं, फ्रिगेट पक्षी पंख न हलवता वर तरंगत असावेत, यासारखं सुख नाही. पण त्या कपाच्या खाली, फळीच्या खाली, मीठ त्याचं काम करत असतं. स्टेनलेस स्टील उघड्यावर आरशासारखं चमकतं आणि डेकच्या आत, जिथे हवा पोचत नाही, तिथे गुपचूप पोखरलं जातं. तांब्याची साधी वायर प्लास्टिकच्या आतल्या आत काळी पडते. बाहेरून नवी कोरी दिसते आणि दिवा लागत नाही. शिडाचं कापड टिकतं, पण त्याची शिवण उन्हाने आधी मरते. हाताने ओढली तर दोरा बटाट्याच्या शेवेसारखा तुटतो. संडासाच्या पाइपात समुद्राचं पाणी आणि लघवी मिळून दगड तयार होतो, तो पाइप बाहेर काढून काँक्रीटवर आपटून फोडावा लागतो. आणि कुठल्याही एका नटापर्यंत पोचायचं तर आधी गादी उचला, फळी उचला, तांदळाचे डबे बाहेर काढा, बॅटरीचा पट्टा सोडा, मग पोटावर पडून हात खांद्यापर्यंत आत घाला. पाना लागतो, दिसत मात्र काही नाही. बोटांच्या टोकांनीच कळतं की आटे धरलेत की गेलेत.

त्या एल्बोचंही असंच कळलं. अल्टरनेटरवर पांढरी पापडी दिसली. मीठ. इंजिनाच्या खोलीत समुद्राचं पाणी उडायला एकच जागा होती. बोटीच्या डिझेल इंजिनात थंडाव्यासाठी समुद्राचं पाणी ओढतात, आणि काम झाल्यावर ते पाणी धुरात सोडून दोन्ही एकत्र बाहेर टाकतात, म्हणजे रबरी पाइप जळत नाही. ही भेट होते ती या एल्बोत. तापलेला धूर, त्यातली काजळी आणि गंधक, वरून खारं पाणी. धातूला याहून वाईट जागा बोटीत दुसरी नाही. आतून काजळीने भोक बारीक होत जातं, इंजिन गुदमरतं, आणि भिंत पातळ होऊन एक दिवस सुईच्या टोकाएवढं छिद्र पडतं. आमच्या एल्बोला अशी तीन छिद्रं होती, आणि नवऱ्याने पेचकसाच्या टोकाने जरा टोचल्यावर चौथं पडलं.

नवा पार्ट मायामीहून येतो. आधी पैसे, मग जहाज, मग कस्टम्स, मग एजंट, आणि यातलं काहीही अडकलं तर आपण नांगरावर. एरवी आम्ही थांबलो असतो. पण जून लागला होता. म्हणून वेल्डर.

तो काम कसं करतो ते मला जवळून बघायला मिळालं, आणि ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. त्याने जमिनीवर खडूने एल्बोचा आकार काढला, जुन्या एल्बोला दोरी लावून मापं घेतली. 316 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा पाइप तिरपा कापला, कड घासून घासून अशी बसवली की दोन तुकड्यांमधून प्रकाश दिसेना. मग दोन्ही तोंडं चिकटपट्टीने बंद केली आणि एका बारीक नळीने पाइपाच्या आत अर्गॉन वायू सोडला. "बाहेरून सगळेच चांगलं करतात," तो म्हणाला. "आत हवा राहिली की वेल्डिंग आतून जळतं. मग वर्षभरात तुम्ही परत माझ्याकडे." टंगस्टनची कांडी त्याने ग्राइंडरवर पेन्सिलसारखी टोकदार केली, मास्क खाली घेतला, आणि मग नुसती एक निळी ठिणगी, तिच्या मागे सरकत जाणारी धातूची रेघ. सोनेरी, मग जांभळट, मग निळी. सांधा थंड झाल्यावर त्याने मला त्यावर नख फिरवायला सांगितलं. खवल्यांसारखं एकसारखं लागत होतं. शेवटचा सांधा भरत असताना आवाज बदलला. त्याने मास्क वर केला, सिलिंडरकडे बघितलं, काटा खाली टेकला होता. उरलेल्या गॅसवर त्याने कसाबसा तेवढा सांधा पूर्ण केला.

अर्गॉन बेटावर तयार होत नाही. सिलिंडर जहाजाने येतात. पुढचा कधी येईल हे वेल्डरने ठामपणे सांगितलं नाही. ॲल्युमिनियमला तर अर्गॉन लागतोच. बाहेर सावलीतला माणूस आत आला, त्याने काट्याकडे पाहिलं, ब्रॅकेट खांद्यावर टाकला आणि "बघू मग" म्हणून निघून गेला. आम्ही अमेरिकन डॉलर मोजले. एल्बो अजून कोमट होता.

माझं आजोळ हर्णैचं. घर कोळीवाड्याच्या वरच्या अंगाला, अंगणातून सुवर्णदुर्ग दिसायचा. मे संपत आला की होड्या वर घ्यायची गडबड सुरू व्हायची. पश्चिम किनाऱ्यावर 1 जूनपासून दोन महिने यांत्रिक मासेमारी बंद असते, पण तो नियम कागदावर यायच्या कितीतरी आधीपासून तिथले लोक पावसाच्या तोंडावर होड्या शाकारत आले आहेत. लाकडी ओंडके वाळूत टाकायचे, दोर बांधायचे, आणि पोरंबाळं, बायाबापडे, दुकानदार, जो दिसेल तो दोराला. आरोळीवर एकदम ओढ. आम्हा पोरांना वाटायचं की आपल्याच जोरावर होडी सरकतेय. आधी कुणाची होडी घ्यायची, यावर मी कधी भांडण ऐकलं नाही. जिची जागा सगळ्यात खाली, लाटेच्या जवळ, तिला आधी हात लागायचा. मालक श्रीमंत आहे का, होडी मोठी आहे का, याचा संबंध नसायचा. मामा सांगायचा, "पाणी कुणाकडे आधी येणार ते बघायचं, बास." त्यावेळी मला ते इतकं साधं वाटलं होतं की लक्षात ठेवण्यासारखं काही आहे असंही वाटलं नाही.

इथला मोसमही साधारण त्याच वेळी फिरतो. 1 जून ते 30 नोव्हेंबर वादळांचा काळ. बहुतेक विमा कंपन्या नकाशावर एक आडवी रेघ मारतात आणि सांगतात, या सहा महिन्यांत बोट हिच्या दक्षिणेला ठेवा, नाहीतर भरपाई नाही. ग्रेनाडा 12 अंश उत्तरेवर. म्हणून मे महिन्यात वरच्या बेटांवरून शिडांची रांग लागते आणि इथले दक्षिणेचे उपसागर, प्रिकली बे, माउंट हार्टमन, हॉग आयलंडच्या मागची शांत जागा, सगळे डोलकाठ्यांनी भरून जातात. वीएचएफवर, म्हणजे बोटींच्या रेडिओवर, सकाळी गप्पांचा कट्टा भरतो: कुणाकडे पंपाचं रबरी चक्र, इंपेलर, आहे, कुणाला दातांचा डॉक्टर हवाय, कुणाची डिंगी, किनाऱ्यावर ये-जा करायची छोटी होडी, सुटून गेली. इथे वादळ येत नाही असं लोक बरीच वर्षं समजून चालले होते. 1955 मध्ये जॅनेट येऊन गेलं होतं, पण ते म्हाताऱ्यांच्या आठवणीत. मग 7 सप्टेंबर 2004 ला आयव्हन आलं आणि बेटावरची दहातली नऊ घरं मोडली. जायफळाच्या बागा आडव्या झाल्या. जायफळाचं झाड फळाला यायला सात-आठ वर्षं घेतं. काहींनी तेव्हा पुन्हा लावली, आणि अनेकांनी लावलीच नाहीत. बाजारात जायफळ विकणाऱ्या बायका अजूनही आयव्हनच्या आधी आणि आयव्हनच्या नंतर अशीच वर्षं मोजतात.

नवा एल्बो बसवला, इंजिन चालू केलं, आणि आम्ही दोघं टॉर्च लावून सांध्यांकडे बघत बसलो. कोरडे. त्यानंतर महिनाही उलटला नाही.

28 जूनला दूर पूर्वेला अटलांटिकमध्ये एका वादळाला बेरिल हे नाव मिळालं. दुसऱ्या दिवशी ते हरिकेन झालं. जूनमध्ये इतक्या पूर्वेला, इतक्या वेगाने वाढणारं वादळ हवामानाचे जाणकारही डोळे चोळून बघत होते. समुद्राचं पाणी त्या वर्षी आधीच नको तितकं तापलेलं होतं. आणि त्याचा मार्ग सरळ आमच्या दिशेने. 29 जून म्हणजे इथला कोळ्यांचा सण, संत पीटरचा दिवस. गुयाव्ह गावात होड्यांना आशीर्वाद देतात, रस्त्यावर मासे तळले जातात, ढोल असतो. त्या संध्याकाळी आम्ही नांगर उचलला आणि त्रिनिदादकडे निघालो. सुमारे 80 सागरी मैल. वारा पडला होता, शिडं नुसती लटकत होती. रात्रभर इंजिन. दर तासाला मी खाली जाऊन एल्बोला हात लावून येत होते. पाइप गरम, सांधा कोरडा. अंधारात त्रिनिदादच्या उत्तरेचा हायबिस्कस गॅस प्लॅटफॉर्म एखाद्या शहरासारखा उजळलेला दिसला, मग मागे गेला. सकाळी बोका म्हणतात त्या अरुंद सामुद्रधुनीतून आत शिरलो. शागारामसच्या उपसागरात इतक्या बोटी होत्या की नांगर टाकायला जागा शोधावी लागली. आमच्यासारखेच सगळे, पळून आलेले.

पळून आलेले, म्हणजे ज्यांना पळता येतं ते.

शागारामसला कस्टम्सचं झाल्यावर आम्ही डबल्स खाल्ले. दोन मऊ तळलेल्या पुऱ्या, त्यांना तिथे 'बारा' म्हणतात, मध्ये चणे, वर कैरीचा कुचेला आणि डोळ्यांतून पाणी काढणारी मिरची. गाडीवरच्या बाईंचा चेहरा माझ्या एखाद्या मावशीचा असावा तसा. 30 मे 1845 ला फातेल रझाक हे पहिलं जहाज हिंदुस्थानातून मजूर घेऊन त्रिनिदादला आलं. ग्रेनाडाला मेडस्टोन आलं 1 मे 1857 ला. कराराची मुदत संपल्यावर परत जायची सोय होती. कित्येक गेले, पुष्कळ राहिले. बाईंनी मला विचारलं, "ग्रेनाडात तुमचं कोण आहे का?" मी नाही म्हणाले. त्या म्हणाल्या, "माझी बहीण दिलीय तिकडे. फोन लागत नाहीये." तोवर वादळ पोचलंही नव्हतं, सगळे एकाच वेळी फोन करत होते म्हणून लागत नव्हता. त्यांनी पुढच्या गिऱ्हाइकाचे डबल्स कागदात गुंडाळले आणि परत फोन कानाला लावला.

1 जुलैला बेरिल कॅरियाकूवर धडकलं. चौथ्या श्रेणीचं, ताशी सुमारे 240 किलोमीटरचा वारा. कॅरियाकू हे ग्रेनाडाचंच उत्तरेकडचं छोटं बेट. पंतप्रधान डिकन मिचेल यांनी सांगितलं की अर्ध्या तासात ते सपाट झालं. टिरेल बेच्या खारफुटीत, जिथे पिढ्यान्‌पिढ्या होड्या वादळात लपवल्या जातात, तिथे बोटी एकमेकींवर चढल्या. त्यातल्या काहींवर आमच्या ओळखीची माणसं राहत होती. ग्रेनाडाच्या दक्षिणेला मात्र तुलनेने थोडक्यात निभावलं. आमची नेहमीची नांगराची जागा, वेल्डरची शेड, वोबर्नचा धक्का, सगळं जागच्या जागी होतं. म्हणजे आम्ही गेलो नसतो तरी कदाचित वाचलो असतो. हे मी नंतर पुष्कळदा स्वतःला सांगून पाहिलं. त्याने काही बदलत नाही. 29 तारखेला हे कुणालाच माहीत नव्हतं.

ग्रेनाडाला परत आलो तेव्हा तो ब्रॅकेटवाला माणूस वोबर्नच्या धक्क्यावर लाम्बी फोडत होता. शंखाच्या निमुळत्या टोकापाशी हातोडीने एक भोक पाडायचं, त्यातून सुरी घालून आतली पकड कापायची, मग तोंडाकडून नखीला धरून ओढलं की अख्खा जीव बाहेर. दोन ठोके, एक काप. शेजारी रिकाम्या शंखांचा ढीग, आतून गुलाबी, वरून शेवाळलेला. त्याने मला ओळखलं. पहिला प्रश्न: "धरलं का?" मी म्हणाले, "धरलं. रात्रभर चाललं इंजिन." त्याने मान हलवली, समाधान झाल्यासारखी. मग मी ब्रॅकेटचं विचारलं. अर्गॉन वादळानंतर आला म्हणाला. सणाची ऑर्डर त्याने चुलतभावाची होडी घेऊन पुरी केली, अर्धे पैसे भावाला द्यावे लागले. वादळाच्या आदल्या दिवशी इंजिन काढून घरात ठेवलं आणि होडी गावातल्या सगळ्यांनी मिळून रस्त्यापर्यंत ओढली. यात कुठेही तक्रार नव्हती. मी लाम्बी घेतली. त्याने वजनापेक्षा एक जास्त टाकली.

त्याच्या मनात काही नव्हतं हे मला स्वच्छ दिसलं, आणि तरी मला हलकं वाटलं नाही.

रात्री नवऱ्याशी बोलले. तो म्हणाला, "गॅस संपणार हे वेल्डरलाही ठाऊक नव्हतं. रांग आपण मोडली नाही, त्याने स्वतः जागा दिली. तू नाही म्हणाली असतीस तर त्याचा अपमान झाला असता." तिन्ही गोष्टी खऱ्या. पण मला प्रश्न त्या एका दुपारचा नाहीच. तो माणूस जागा देतो कारण जागा देण्याची त्याला सवय आहे. बोटींच्या सामानाच्या दुकानात मी पंप घेते तेव्हा काउंटरवर बोटीचे कागद दाखवते. आम्ही वाटेतले प्रवासी, म्हणून ड्यूटी जवळजवळ माफ. माझ्या शेजारी उभा असलेला, याच बेटावर गॅरेज चालवणारा माणूस तोच पंप ड्यूटी आणि 15 टक्के व्हॅट भरून नेतो. यामागचं कारण मला कळतं. आमच्या पैशांवर इथले डोलकाठी-दोर बसवणारे रिगर, शिडं शिवणारे, रंगवाले, क्रेनवाले जगतात. सवलत नसेल तर बोटी दुसऱ्या बेटावर जातील. मी ती सवलत घेते आणि पुढेही घेईन, आमचं बजेट त्यावर उभं आहे. पण ज्याला निघून जाता येतं त्याचं काम आधी आणि स्वस्त, ज्याला इथेच राहायचंय त्याचं नंतर आणि महाग, ही रांग लावताना कुणीतरी मामाचा प्रश्न विचारायला हवा होता असं मला वाटतं. पाणी कुणाकडे आधी येणार?

जुलै सरत असताना आम्ही कॅरियाकूला गेलो. दक्षिणेतल्या कितीतरी बोटी तेव्हा ताडपत्र्या, पाण्याचे कॅन, खिळे, दूध पावडर भरून फेऱ्या मारत होत्या. वाटेत किक-एम-जेनी हा पाण्याखालचा ज्वालामुखी लागतो, त्याला लांबून वळसा घालून वर. बेट दिसायला लागलं आणि आम्ही दोघंही गप्प झालो. जुलैमध्ये कॅरियाकू हिरवं असतं. ते तपकिरी होतं. झाडं उभी होती तिथेही पान नव्हतं. वाऱ्याने सोलून काढलेली. पत्रे डोंगराच्या कुशीत चुरगळून पडले होते. टिरेल बेच्या खारफुटीत डोलकाठ्या सगळ्या दिशांना कललेल्या. याच बेटावर विंडवर्ड गावात अजूनही लाकडी स्लूप, एका डोलकाठीची शिडाची जहाजं, किनाऱ्यावर, नुसत्या नजरेच्या मापाने बांधतात. जहाज पाण्यात सोडायचा दिवस सगळ्या गावाचा असतो, आधाराचे खांब एकेक करून कापले जातात, कोंबडा-बकऱ्याचा मान असतो, आणि मग सगळे मिळून ओढतात. आधीच्या एका वर्षी मी तो दोर धरला होता.

आम्ही नेलेल्या सामानापेक्षा नवऱ्याचे पाने जास्त कामाला आले. बेटावर वीज नव्हती आणि जनरेटर होते, मदतीतून आलेले, शेजारच्यांनी दिलेले, कोपऱ्यात वर्षानुवर्षं पडून राहिलेले. त्यातले निम्मे चालू होत नव्हते. जुनं पेट्रोल कार्बोरेटरमध्ये आटून लाखेसारखं चिकटून बसतं. वाडगा खोलायचा, फ्लोट काढायचा, त्याच्या पोटातला पितळी जेट सोडवायचा आणि उजेडाकडे धरायचा. केसाएवढं भोक असतं. त्यातून आभाळ दिसलं तर ठीक. दिसलं नाही तर वायरच्या तारांमधली एकच तार घेऊन हळूहळू टोचायचं. जोर केला तर भोक मोठं होतं आणि मग इंजिन पेट्रोल पीत सुटतं. मी जेट धुऊन उजेडाकडे धरत होते, तो बाकीचं. पहिला जनरेटर धडधडला तेव्हा एका छप्पर नसलेल्या घरात फ्रिजचा दिवा लागला, आणि एका म्हाताऱ्याने फ्रिजचं दार तीनदा उघडून बंद केलं.

बातमी पसरली. दुपारपर्यंत रस्त्याच्या कडेला जनरेटर येऊन उभे राहिले, ढकलगाडीवरून, खांद्यावरून. कुणाचा आधी घ्यायचा ते आम्हाला ठरवता येईना. मी नंबर द्यायला लागले, जो आधी आला त्याला आधी. तेव्हा एक बाई पुढे आल्या. निवृत्त शिक्षिका होत्या, सगळे त्यांना टीचर म्हणत. त्यांनी शाळेची एक ओली होऊन वाळलेली वही काढली, आमच्या शेजारी उपडी बादली ठेवून त्यावर बसल्या आणि माझे नंबर पुसून टाकले. आधी ज्या घरात गल्लीतल्या सगळ्यांचं इन्सुलिन ठेवलं होतं ते घर. मग कोळ्यांच्या बर्फाचा फ्रीझर, कारण मासा मिळाला तर तो सगळ्यांच्या पानात जात होता. मग ज्या म्हाताऱ्यांना पंख्याशिवाय झोप नव्हती ते. मग फोन चार्ज करून देणारं दुकान. त्यांचा स्वतःचा जनरेटर शेवटी लिहिला. एकाने सगळ्यांदेखत खिशातून नोटा काढल्या. टीचर वहीतून मान वर न करता म्हणाल्या, "पैसे ठेव. तुझ्या घरात कोण आजारी आहे ते सांग." कुणीच नव्हतं. तो यादीत खाली गेला, आणि थांबला.

चारच्या सुमाराला आमच्या ओळखीचा एक बोटवाला आला. वादळात त्याची बोट वाचली होती, पण डिंगीचं इंजिन मिठाच्या पाण्यात बुडालं होतं, आणि हवा चांगली आहे तोवर त्याला उत्तरेकडे निघायचं होतं. तो सरळ नवऱ्याकडे गेला, आमची मैत्री होती. नवऱ्याचा हात थबकला. टीचरनी विचारलं, "कुठले?" तो म्हणाला, बोटीवरचा. त्यांनी त्याचं नाव विचारून घेतलं, स्पेलिंग दोनदा तपासलं आणि पानाच्या तळाशी, स्वतःच्या नावाखाली लिहिलं. तो माझ्याकडे बघायला लागला. मी जेट उजेडाकडे धरला. तोही मग ढकलगाडीपाशी बसला, आणि थोड्या वेळाने उठून लोकांचे वाडगे पेट्रोलने धुऊ लागला.

अंधार पडायच्या आत यादी संपली नाही. टीचरनी वही मिटली. "सकाळी सहाला या," त्या म्हणाल्या, "नंतर ऊन चढतं." सहाला गेलो तेव्हा त्या बादलीवर आधीच बसल्या होत्या. त्यांच्या जनरेटरचा फ्लोट अडकला होता, सुई नवी नव्हती म्हणून जुनी पॉलिश पेपरने घासून बसवली. तो चालू झाला, त्यांनी वहीत त्यावर काट मारली, आणि मग त्या बोटवाल्याचं इंजिन टेबलावर घेतलं.